बोलतं कोण, गप्प कोण? : 'आक्रोश' बघताना

 आम्ही आर्वी तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका.

आज आम्ही एका जुन्या सिनेमाबद्दल बोलणार आहोत. बचत गटाच्या बायकांनी हप्ता, कर्ज, व्याज यांचं बोलावं, सिनेमाचं कशाला, असं कुणाला वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पण आम्ही दोन बैठकांत मिळून हा सिनेमा बघितला आणि त्यानंतर जितकी चर्चा झाली, तितकी आमच्या गटात कधी झाली नव्हती. ती तुमच्यापर्यंत पोहोचावी म्हणून हे भाषण. एक गोष्ट आधीच सांगतो. सिनेमात बाईवरच्या अत्याचाराचा विषय आहे. तेव्हा लहान लेकरांना सोबत बसवून तो बघू नका आणि एकटीनंही बघू नका. चारजणी मिळून बघा.

सिनेमाचं नाव 'आक्रोश'. तो १९८० सालचा, हिंदी आहे. पण त्याची पटकथा लिहिली आपल्या मराठीच्या विजय तेंडुलकरांनी. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे त्यांचंच नाटक. त्यात खोटं-खोटं कोर्ट भरतं आणि बघता बघता एका शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्याचा न्यायनिवाडा सुरू होतो. 'आक्रोश'चे दिग्दर्शक गोविंद निहलानी. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच मोठा सिनेमा, आणि कॅमेराही त्यांनीच सांभाळला. ओम पुरी, स्मिता पाटील, नसीरुद्दीन शाह, अमरीश पुरी ही त्यातली माणसं तुम्हाला ठाऊक आहेत. आणखी एक माणूस आपल्याकडचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याला जन्मलेले नाटककार महेश एलकुंचवार यांनी यात आदिवासींमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्याची भूमिका केली आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. लहान्या भिकू हा आदिवासी मजूर. त्याची बायको नागी. नागीचा जीव गेला आहे आणि तिचा खून लहान्यानंच केला असा त्याच्यावर आरोप आहे. सिनेमा सुरू होतो तो चितेपासून. हातात बेड्या असलेल्या नवऱ्याला पोलीस बायकोला अग्नी द्यायला घेऊन येतात. त्याच्यासाठी सरकारकडून एक तरुण वकील नेमला जातो, भास्कर कुलकर्णी. तो मन लावून काम करतो, लहान्याला पुन्हा पुन्हा विचारतो, बाबा, काय झालं ते सांग. लहान्या एक शब्द बोलत नाही. भास्कर त्याच्या झोपडीत जातो. म्हातारा बाप गप्प, वयात येणारी बहीण गप्प. हळूहळू आपल्याला कळतं की नागीवर अत्याचार झाला, तो गावातल्या वजनदार लोकांनी केला, आणि आपलं पाप झाकायला त्यांनी नवऱ्यालाच आरोपी केलं.

गुन्ह्याचे सिनेमे आपण टीव्हीवर पुष्कळ बघतो. त्यात शेवटपर्यंत एकच प्रश्न असतो, खून कुणी केला? शेवटी गुन्हेगार सापडला की आपण उठून स्वयंपाकाला लागतो. 'आक्रोश'मध्ये गुन्हा कुणी केला हे आपल्याला अर्ध्या वाटेतच कळून चुकतं. मग उरतो दुसराच प्रश्न. सगळ्यांना ठाऊक असूनही बोलत का नाही कुणी?

हा प्रश्न सिनेमा कसा विचारतो, ते आम्ही बारकाईनं बघितलं. दुसऱ्यांदा बघताना आमच्यातल्या एकीनं सुचवलं की आपण गोष्ट सोडून फक्त तीन गोष्टी बघू : आवाज, उजेड आणि कोण कुणासोबत बसतं. ही युक्ती फार कामी आली. तुम्हीही करून बघा, कुठल्याही सिनेमाला चालते.

पहिला आवाज. या सिनेमात सगळ्यात जास्त कोण बोलतं? वकील, साहेब, पुढारी. कोर्टात बोलणं, बंगल्यात बोलणं, क्लबात बोलणं. ज्याच्यावर खटला आहे तो मुका. जिचा जीव गेला ती नागी तर फक्त मागच्या आठवणीतच दिसते. म्हणजे जितकं ज्याचं नुकसान जास्त, तितका त्याचा आवाज कमी. हे योगायोगानं झालेलं नाही, करणाऱ्यांनी जाणून केलेलं आहे. ओम पुरीच्या वाट्याला संवाद जवळजवळ नाहीतच. त्यानं सगळं डोळ्यांनी केलं आहे. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबतो की आपल्यालाच अवघड व्हायला लागतं. वकील चिडतो, तसे आपणही चिडतो, अरे बोल ना! आणि मग लक्षात येतं की बोलून काय होणार हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ज्यांच्याकडे तक्रार करायची, तेच तर त्यात आहेत.

दुसरा उजेड. या सिनेमात अंधार फार आहे. झोपडीत अंधार, कोठडीत अंधार. चेहऱ्याची एक बाजू दिसते, दुसरी काळोखात. निहलानींनी सुरुवातीच्या काळात व्ही. के. मूर्ती यांच्या हाताखाली कॅमेऱ्याचं काम केलं होतं. गुरुदत्त यांचे 'प्यासा' आणि 'कागज के फूल' ज्यांनी चित्रित केले, ते हे मूर्ती. उजेड आणि सावली यांच्यातून माणसाच्या मनातलं दाखवायचं, ही त्यांची विद्या. अमेरिकेत १९४० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत गुन्ह्याचे जे सिनेमे निघाले, त्यांतही असाच काळोख असायचा. ओल्या रस्त्यावर पडलेली दिव्याची तिरीप, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली. तिथं तो अंधार शहराच्या गल्लीतला होता. 'आक्रोश'मध्ये तो गरिबाच्या झोपडीतला आहे. उजेड कुठं आहे? क्लबात. तिथं साहेब लोक पत्ते खेळत बसलेले आहेत.

आणि तिसरी गोष्ट तीच, कोण कुणासोबत बसतं. दिवसा जे वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसतात, ते रात्री एका टेबलाशी बसतात. सरकारी वकील दुसाणे, म्हणजे अमरीश पुरी, तेही त्यांच्यात आहेत. हे दुसाणे स्वतः आदिवासी समाजातून शिकून वर आलेले. तरुण भास्करचे ते गुरूही आहेत. त्यांना घरी फोनवरून जातीवरून घाणेरड्या शिव्या ऐकाव्या लागतात. त्या ते मुकाट्यानं ऐकतात आणि फोन ठेवतात. म्हणजे लहान्या एकटा गप्प नाही, कोट घातलेले दुसाणेही गप्पच आहेत. एकाच्या गप्प राहण्यामागे भीती आहे. दुसऱ्याच्या गप्प राहण्यामागे मोठ्या कष्टानं मिळवलेली खुर्ची आहे. आमच्या गटात यावर दोन तट पडले. काहीजणींना दुसाणेंचा राग आला. काहीजणी म्हणाल्या, त्या माणसानं किती सोसून ती जागा मिळवली असेल, त्याचाही विचार करा. आम्ही हा वाद मिटवला नाही. तुमच्या गटातही होऊ द्या.

आता थोडं अमेरिकेत जाऊन येऊ. 'द गॉडफादर' हा जगभर गाजलेला अमेरिकेचा सिनेमा. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला. इटलीहून अमेरिकेत जाऊन वसलेल्या एका गुन्हेगार घराण्याची ती गोष्ट. तिची सुरुवात लग्नाच्या दिवशी होते. बाहेर ऊन आहे, गाणं-बजावणं आहे, बायका-पोरं नाचताहेत. आत एका काळोख्या खोलीत घराण्याचा म्होरक्या बसला आहे. दिवा असा वरून लावला आहे की त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत अंधारच दिसतो. त्याच्यासमोर एक बाप आला आहे. त्याच्या मुलीवर दोन पोरांनी हात टाकायचा प्रयत्न केला, तिला बेदम मारलं. कोर्टानं त्या पोरांना नावापुरती शिक्षा दिली आणि त्याच दिवशी सोडून दिलं. बाप म्हणतो, न्याय तुमच्याकडे मागतो. म्होरक्या न्याय द्यायला कबूल होतो, पण उधारीवर. आज मी तुझं काम करतो, उद्या मी सांगेन ते तू करायचं.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम दोनदा बघितला. बाप बोलतो, म्होरक्या बोलतो. ती मुलगी कुठं आहे? ती पडद्यावर येतच नाही. तिच्यावर काय गुदरलं ते बापाच्या तोंडून कळतं, आणि पुढं काय करायचं ते दोन पुरुष खोलीचं दार लावून ठरवतात. सिनेमा संपतो तोही दारावरच. नवीन म्होरक्याची बायको त्याला विचारते, खरंच तू हे केलंस का? तो खोटं सांगतो, आणि तिच्या डोळ्यांदेखत खोलीचं दार लावलं जातं. ती बाहेर उभी. आपल्याकडच्या लग्नातही बायका मांडवात आणि देण्याघेण्याची बोलणी बैठकीत, हे आपण किती वेळा बघितलं आहे! अमेरिकेतलं दार आणि आपल्याकडचं दार यांत आम्हाला फार फरक दिसला नाही.

'गॉडफादर' तिकडच्या थेटरांत लागला १९७२ च्या मार्च महिन्यात. त्याच मार्च महिन्यात, २६ तारखेच्या रात्री, आपल्या विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक घटना घडली. देसाईगंज म्हणजे वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. एका घरगुती तक्रारीसाठी एका आदिवासी मजूर मुलीला तिच्या माणसांसोबत ठाण्यात बोलावलं होतं. सगळ्यांचे जबाब झाले. बाकीच्यांना जायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं. ठाण्यातच तिच्यावर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस होते. तिचं नाव आम्ही घेत नाही, ते घ्यायची गरजही नाही.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोन्ही आरोपींना सोडलं. पुढं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला आणि शिक्षा दिली. ठाण्यात पोलिसापुढे मान खाली घालून राहणं म्हणजे संमती नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. पण १९७८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तिनं आरडाओरड केल्याचं दिसत नाही, असं धरून तिनं विरोध केला हे म्हणणं मान्य झालं नाही. म्हणजे ती गप्प राहिली, हेच तिच्याविरुद्ध गेलं.

यावर कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार ही त्यांची नावं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या. मुंबई-दिल्लीत मोर्चे निघाले. आणि 'आक्रोश' आला तो त्याच साली. सिनेमा त्या खटल्यावर बेतलेला आहे असं आमचं म्हणणं नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. पण तेव्हाचे लोक तो सिनेमा बघत होते, तेव्हा त्यांच्या कानावर देसाईगंजची बातमी आलेली होती. मुकी माणसं, कोर्ट आणि ताकदवान लोकांची एकी, हे त्यांना पडद्यावरचं वाटलं नसणार. आपण जुना सिनेमा बघतो तेव्हा तो कुठल्या साली आला आणि त्या साली गावात, देशात काय चाललं होतं, हे विचारलं तर सिनेमा निम्मा जास्त कळतो.

त्या आंदोलनातून १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडी किंवा सरकारी ताब्यात अत्याचार झाला आणि बाईनं कोर्टात सांगितलं की माझी संमती नव्हती, तर कोर्टानं आधी तिचं म्हणणं खरं धरून चालायचं, असं ठरलं. पीडित बाईचं नाव छापणं गुन्हा झाला. खटला बंद खोलीत चालवायची तरतूद आली. पुढं २०१३ मध्ये आणखी एक वाक्य कायद्यात स्पष्ट घातलं गेलं : बाईनं अंगानं झटापट केली नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यातही हे कायम आहे. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे एवढं साधं कायद्यात यायला देसाईगंजच्या त्या रात्रीपासून ४१ वर्षं लागली.

आता सिनेमाच्या शेवटाबद्दल. इथंच आमच्या गटात सगळ्यात जास्त बोलणं झालं. लहान्याचा बाप मरतो. पुन्हा चिता, पुन्हा बेड्या. तिथं लहान्याला बहिणीकडे वखवखून बघणारी नजर दिसते. नागीचं जे झालं तेच हिचं होणार, असं त्याला वाटतं. तो कुऱ्हाड उचलतो आणि त्या नजरेच्या माणसावर नाही, बहिणीवर चालवतो. मग आभाळाकडे बघून ओरडतो. सगळा सिनेमाभर दाबून ठेवलेला आवाज तेव्हा फुटतो, म्हणून नाव 'आक्रोश'.

त्या वेळच्या पुष्कळ जाणकारांनी हा शेवट फार मोठा मानला. गरिबाच्या हातात काहीच उरत नाही, तेव्हा तो आपल्याच माणसाचा जीव घेतो, असा त्याचा अर्थ. तो अर्थ आम्हाला समजतो. तो बघताना आमच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण दिवे लागल्यावर आमच्यातली एक आजी म्हणाली, "पण त्या पोरीले कोनी इचारलं काय?"

खोलीत शांतता झाली. खरंच, कुणी विचारलं नव्हतं. तिला जगायचं होतं का, पळून जायचं होतं का, कोर्टात उभं राहून सांगायचं होतं का? तिला काय काय माहीत होतं? भास्कर झोपडीत आला तेव्हा ती तिथंच होती. सिनेमानं लहान्याच्या मुकेपणाला इतका वेळ दिला, बहिणीच्या मुकेपणाला दिला नाही. नागी आठवणीत राहिली, बहीण चितेशेजारी संपली. सिनेमा फार चांगला आहे, हे आम्ही मानतो. तरी त्याच्या या बाजूकडे बोट दाखवणं आपलं काम आहे, कारण बहिणीच्या जागी उभं राहून तो बघणाऱ्या आपण आहोत.

ही कुऱ्हाड आपल्या गावात नाही असं कुणी म्हणू नये. ती लोखंडाची नसते एवढंच. बस स्टँडवर पोरांनी मुलीची छेड काढली, तर पोरांना कुणी काही म्हणत नाही, मुलीची शाळा बंद होते. जमाना खराब आहे म्हणून सोळाव्या-सतराव्या वर्षी तिचं लग्न उरकलं जातं. फोन काढून घेतला जातो. कापूस वेचायला जाताना ठेकेदार वाईट नजरेनं बघतो, तर त्याचं नाव घेण्याऐवजी सुनेला घरी बसवतात आणि तिची मजुरी बुडते. हे सगळं करणारे तिचे वैरी नसतात. लहान्यासारखेच तिच्यावर माया करणारे बाप, भाऊ, नवरा असतात, आणि कधी कधी आपण आया आणि सासवाही असतो. भीती त्या नजरेची, घाव मात्र मुलीवर.

मग काय करायचं? आम्ही काही मोठं सांगत नाही. कुऱ्हाड उचलण्याआधी आपल्या हाती काय आहे, एवढं माहीत असावं. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं तो तिचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या नंबरवर फोन करायचा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असेल तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार घ्यावीच लागते. अत्याचाराची तक्रार घ्यायला नकार देणं हा पोलिसासाठीही गुन्हा आहे. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. दवाखान्यानं, मग तो सरकारी असो की खाजगी, मोफत उपचार करायचेच असतात. तातडीला ११२, बायकांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८. हे नंबर गटाच्या हजेरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आम्ही लिहिले आहेत.

कायदा असला म्हणजे सगळं झालं असं नाही, हेही आम्हाला ठाऊक आहे. भास्करसारखा वकील मिळाला तरी लहान्या बोलला नाही, कारण त्याच्या मागे कुणी उभं नव्हतं. दहा-बारा बायकांचा गट मागे उभा असला, तर एखादी बोलायचं धाडस करते. ठाण्यात एकटी बाई गेली तर तिला बाकड्यावर बसवून ठेवतात, आठजणी गेल्या तर खुर्च्या शोधतात.

शेवटी तुमच्या बैठकीसाठी तीन प्रश्न देतो. एक, तुम्ही अलीकडे बघितलेल्या कुठल्याही सिनेमात किंवा मालिकेत ज्या बाईवर अन्याय झाला, तिला स्वतःच्या तोंडानं किती वेळ बोलायला मिळालं? दोन, तुमच्या गावात सगळ्यांना माहीत असलेली, पण कुणी मोठ्यानं न बोललेली गोष्ट कोणती, आणि ती न बोलण्यात कुणाचा फायदा आहे? तीन, मुलीच्या भल्यासाठी म्हणून घरात मागच्या वर्षी जे ठरलं, ते ठरवताना तिला विचारलं होतं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलींना समोर बसवून द्या. त्या काय म्हणाल्या ते आम्हाला पत्रानं कळवा, पुढच्या भाषणात ते वाचून दाखवू.